खाचेत राहिलेलं रबर

घुम्या मिस्त्रीला घुम्या हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं पारखून ठेवलं असणार. माणूस कायम मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. गिऱ्हाईक दारात आलं की हा आधी गाडीकडे बघणार, मग जमिनीकडे, आणि मग बॉनेट उघडून आत जे तोंड घालणार ते काम संपेपर्यंत बाहेर काढणार नाही. 'काय झालंय गाडीला' हे विचारायचं, 'उद्या या' हे सांगायचं, चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी करून गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं, हे सगळं खातं ताईकडे होतं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा ती कडेवरची लेक घेऊन भावाकडे आली, गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसली आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच बसली. भावाचं लग्नही तिनं दोनदा जमवत आणलं होतं. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलगा बोलतो ना?" ताई म्हणाली, "बोलतो की, पण गाड्यांशी." लग्न दोन्ही वेळा मोडलं. पुढे भाऊ पन्नाशीच्या पार गेला आणि ताईनं तो विषय सोडून दिला.

मग लेकीला जुळं झालं. लेक नोकरी करणारी, गाव लांबचं. ताई म्हणाली, "चार महिने जाऊन येते." चार महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. जुळी पोरं आजीशिवाय झोपेनात, आणि खरं सांगायचं तर आजीलाही त्यांच्याशिवाय झोप येईना.

गॅरेजमागच्या खोलीत मिस्त्री एकटा राहिला. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला टांगलेले दोन शर्ट. ताई मेली नव्हती, चांगली ठणठणीत होती, लेकीकडे सुखात होती. त्यामुळे रडावं म्हटलं तर त्यालाही काही निमित्त नव्हतं. दारातली खुर्ची त्यानं आत आणून ठेवली, कारण रिकामी खुर्ची बघून लोक विचारत, "ताई कुठंयत?" आणि त्याचं उत्तर द्यावं लागे. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी यायचंही सोडलं. हात कितीही चांगला असला तरी तोंडातून शब्द न काढणाऱ्या माणसाकडे गाडी ठेवून जायचं म्हणजे लोकांना कसंनुसं वाटे.

एकदा दिवेलागणीला हात धुताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. आवाज आहे की गेला हे बघायला तो मोठ्यानं म्हणाला, "पाना." घशातून खरखर आली. त्यानं पुन्हा म्हटलं, "पाना. पक्कड. नळी." मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं नळ बंद केला.

अशा दिवसांत काचवाल्याची गाडी आली. आली म्हणजे एका मालट्रकच्या मागे दोरानं बांधून ओढत आणली. जुनी व्हॅन, मागच्या बाजूला लाकडी चौकट, चौकटीत उभ्या काचा, काचांच्या मध्ये पोती. गाडीच्या आधी वास आला, जळक्या रबराचा, नाकातून डोक्यात जाणारा. वासामागून काचवाला उतरला. ठेंगणा, गोल, कपाळावर घाम आणि तोंडाची टकळी चालूच.

"मिस्त्री तुम्हीच ना? मला वाटलं गाडी पेटली! धूर काय, वास काय! मी काचा वाचवू की स्वतःला वाचवू, काही सुचेना. आधी काचा उतरवल्या, मग लक्षात आलं की गाडी पेटलेली नाहीये, मग परत चढवल्या. आता बोला, आहे का माझ्यासारखा शहाणा?"

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. मधल्या एका लहान पुलीचं बेअरिंग जाम झालं होतं. पुली फिरायची थांबली, पट्टा मात्र तिच्यावरून घासत राहिला, तापला, वितळला आणि तुटता तुटता बाकीच्या सगळ्या पुल्यांच्या खाचांमध्ये जाऊन बसला. पुलीच्या कडेला बारीक खाचा असतात, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि पट्ट्याच्या रेघा त्यांत बसतात. इथे खाच कुठली आणि रबर कुठलं हे कळत नव्हतं. सगळीकडे काळा चिकटा, गुळाच्या पाकासारखा ओघळलेला.

"नवा पट्टा टाकला की झालं ना?" काचवाल्यानं विचारलं.

मिस्त्रीनं मान हलवली. एरवी तो तेवढ्यावरच थांबला असता. पण काचवाला त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बोलका माणूस सहसा प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. हा मात्र प्रश्न विचारून थांबला. उत्तर येईपर्यंत थांबला.

"खाच भरलेली असली की पट्टा बसत नाही," मिस्त्री शेवटी म्हणाला. "वर चढतो. मग चिरकतो. मग उतरतो."

"मग हे सगळं खरवडायचं?"

"गार होऊ दे. गरम असताना नुसतं पसरतं."

इतकी वाक्यं त्यानं कित्येक महिन्यांत सलग बोलली नव्हती.

काम दोन दिवस चाललं. काचवाल्याचं घर नदीपलीकडे, जुन्या बाजाराच्या मागे. काचा सोडून राहायला त्याचा जीव होईना, म्हणून दोन्ही दिवस तो सकाळी येऊन बसला. मिस्त्रीनं ताईची खुर्ची आतून काढून फडक्यानं पुसून दिली. मग एकेक पुली खोलून फळीवर मांडली. आधी लाकडाच्या चपट्या काडीनं वरचा थर काढला. लोखंडी हत्यार लावलं तर खाचेला चरे पडतात आणि तो चरा नव्या पट्ट्याला कापत राहतो. मग थिनरमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवली, थोडा वेळ जाऊ दिला, पितळी तारांचा ब्रश फिरवला. शेवटी सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून केलेला आकडा घेऊन एकेका खाचेतून रबर ओढून काढू लागला. कान कोरावा तसं. निघालेलं रबर काळ्या शेवाळासारखं फळीवर पडत होतं.

"हे बघून मला माझ्या सासऱ्याचे दात आठवले," काचवाला म्हणाला.

मिस्त्री हसला. हसताना नाकातून आवाज आला, त्यानं तो दचकलाच.

काचवाला काय काय सांगत होता. काच कापायचं काम त्याची बायको करते. "मी नुसता हमाल. लग्नात सासरे म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे. मला वाटलं, स्वयंपाकाला! हिनं आठवड्याच्या आत माझ्या बापाच्या हातातून काच कापायची चक्री काढून घेतली. बाप बघत राहिला. एक रेघ ओढते, खालून टिचकी मारते, काच लोण्यासारखी दुभंगते. माझ्या हातून कापली तर सरळ भंगारात. म्हणून मला गाडीवर बसवलंय." मग तो म्हणे, "तुझं काय? घरी कोण?" बोलता बोलता दुपारपर्यंत 'अहो मिस्त्री'चं 'अरे मिस्त्री' झालं होतं, आणि मिस्त्रीलाही ते पायात जुनी चप्पल घालावी तसं बरं वाटलं होतं.

त्यानं ताईचं सांगितलं. जुळ्या पोरांचं सांगितलं. मोडलेल्या लग्नांचंही सांगितलं, तेही हसत हसत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. संध्याकाळी काचवाला गेल्यावर त्याचा घसा दुखत होता. दुखऱ्या घशानं तो खाटेवर पडून राहिला आणि उद्या काय सांगायचं ते मनात जुळवू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुल्या चकचकीत झाल्या. सगळ्यांत खालची, इंजिनाच्या दांड्यावरची मोठी पुली तेवढी तो जागेवरच साफ करत होता. खाली पडून, वर हात करून. तिची आतल्या अंगाची शेवटची खाच राहिली होती. ती नुसती दिसायची नाही, आरसा धरावा लागे.

वरून काचवाल्याचा आवाज आला. "झालं ना? चला! आता दोन-तीन वर्षं तरी तुझं थोबाड बघायला नको!"

थट्टाच ती. काचवाला स्वतःच खो खो हसला. खाली पडलेल्या मिस्त्रीच्या हातात मात्र आकडा तसाच राहिला. दोन-तीन वर्षं. त्यानं आरशात त्या खाचेकडे पाहिलं. नखाएवढं रबर होतं. एवढ्यानं काही होत नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. पट्टा चिरकेल फक्त. चिरकला की हा परत येईल. तेव्हा काढू.

त्यानं आकडा खिशात घातला आणि तो गाडीखालून बाहेर सरकला.

जन्मात त्यानं असं कधी केलं नव्हतं. ताई म्हणायची, "माझा भाऊ बोलत नाही, पण त्याचं काम बोलतं." आता त्याच कामाच्या तोंडून तो एका माणसाला हाका मारायला निघाला होता.

आणि खरोखरच महिना उलटायच्या आत गाडी आली, लांबूनच कोकलत. "अरे मिस्त्री, ही बाई सकाळी सकाळी किंचाळते! अख्खी गल्ली मला शिव्या देते. बायको म्हणते, गाडीला तुझी संगत लागली." मिस्त्रीनं खुर्ची पुसली. चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी सकाळपासून एकही गाडी दारात नव्हती, तरी तो म्हणाला, "जरा वेळ लागेल हं." काचवाल्यानं पाय पसरले.

पट्टा काढला तेव्हा त्याची एक रेघ उसवलेली होती. खाचेतलं रबर आता दगडासारखं झालं होतं. मिस्त्रीनं दुसरा पट्टा काढून ठेवला, आकडा हातात घेतला. आज साफ करायचंच, असं त्यानं सकाळीच, गाडीचा आवाज ऐकला तेव्हाच ठरवलं होतं. काचवाला सांगत होता की डोंगराच्या बाजूला नवी घरं होतायत, तिकडच्या सगळ्या खिडक्यांचं काम मिळालंय. "आता या रस्त्याला फारसं येणं होणार नाही बघ. रोज घाट चढायचा आणि उतरायचा."

"रोज?"

"रोज. पण हातभार लागला पोटापाण्याला, काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही," मिस्त्री म्हणाला.

तो गाडीखाली गेला. आरसा धरला. आकडा खाचेला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. वरती काचवाला काहीतरी गुणगुणत होता. मग मिस्त्रीनं हात मागे घेतला, नवा पट्टा चढवला, ताण बघितला. इंजिन सुरू केलं तेव्हा आवाज येत नव्हता. नवा पट्टा पहिले काही दिवस गप्प राहतो.

काचवाला गेल्यावर त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. हात पुसताना त्याला घाट आठवला. पट्टा उतरला तर नुसता आवाज बंद होत नाही. त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो, स्टीअरिंग हलकं करणारा पंपही असतो. उद्या नदीपलीकडे जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. काय सांगायचं? 'राहून गेलं' म्हणायचं? तो एकदा बसथांब्यापर्यंत गेलाही, आणि लोकांच्या घोळक्यात उभं राहायचा धीर न होऊन परत आला. चिरकायला लागली की येईलच, त्यानं मनाची समजूत घातली. रस्त्यावरून व्हॅन गेली की तो हातातलं काम थांबवून कान देई.

व्हॅन आली नाही. काचवाला आला, तोही चालत, बसमधून उतरून. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण नाही. तो खुर्चीवर न बसता दारालाच टेकला.

"पट्टा उतरला रे," तो म्हणाला. "उतारावर, वळणावर. स्टीअरिंग दगडासारखं झालं. फिरवतोय, फिरवतोय, फिरेचना. गाडी दरीकडे नाही गेली, डोंगराला धडकली, एवढंच नशीब."

"तुला लागलं?"

"मला काय धाड भरलीये! ही होती बरोबर. कधी येत नाही, त्या दिवशी आली, खिडक्यांची मापं स्वतः घेते म्हणून. मागची चौकट सुटली आणि काचा पुढे आल्या. हिनं हात आडवा घातला." त्यानं स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट धरून दाखवलं. "ही दोन वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आतल्या शिरा शिवल्यात, बघू. बघू म्हणजे काय ते मला कळतं."

मिस्त्री उभा होता तिथेच खाली, पुलीच्या खोक्यावर बसला.

"आणि ऐक," काचवाला पुढे म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला, "तिकडच्या गॅरेजवाल्यानं काय सांगावं? म्हणे खालच्या पुलीत जुनं रबर तसंच होतं, साफच केलं नव्हतं. मी त्याच्याशी भांडलो! म्हटलं, तोंड सांभाळ. माझा मिस्त्री नखानं खाचा कोरतो. त्याच्या हातून असं राहायचं नाही. माझ्या गळ्यावर सुरी ठेवलीस तरी मी मानायचा नाही. तूच सांग त्याला, चल. माझ्याबरोबर चल आणि त्याच्या तोंडावर सांग."

गॅरेजमध्ये कुठेतरी थेंब थेंब तेल गळत होतं. जन्मभर गप्प राहून मिस्त्रीचं कधी काही अडलं नव्हतं. आताही गप्प बसला असता तर काचवाला स्वतःच काहीतरी अर्थ लावून निघून गेला असता, आणि आयुष्यभर त्याच्या बाजूनं भांडत राहिला असता.

"तो खरं बोलतोय," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"तिकडचा. रबर होतं."

काचवाल्यानं हात झटकला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "राहून गेलं असेल. माणूस आहे. आरशातून काय दिसतंय."

"राहिलं नाही. ठेवलं."

"म्हणजे?"

"मुद्दाम ठेवलं. दोन्ही वेळा." त्याचा घसा पुन्हा खरखरायला लागला. "आवाज आला की तू येशील म्हणून. येऊन बसशील म्हणून."

काचवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू हा माणूस भलत्याच भाषेत बोलतोय. तोंड उघडलं, मिटलं. दाराला टेकलेला खांदा त्यानं काढला, शर्ट झटकला आणि उन्हातून बसथांब्याकडे चालू लागला. एकदाही मागे न बघता.

त्या संध्याकाळी मिस्त्रीनं ताईला फोन लावला. फोन नेहमी तीच करायची, त्यामुळे तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तू कसा फोन केलास?"

त्यानं सगळं सांगितलं. मागे जुळी पोरं कशावरून तरी भांडत होती. ताईनं त्यांना दुसऱ्या खोलीत पिटाळलं आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "मी तिथं नव्हते म्हणून झालं का रे हे?"

"नाही. मी होतो म्हणून झालं."

"मग मला काय सांगतोस? ज्यांचं नुकसान केलंस त्यांच्या दारात जा." आणि मग हळू आवाजात, "जेवलास का?"

तो गेला. हत्यारांची पिशवी घेऊन, बसमध्ये दांड्याला धरून उभा राहून, जुन्या बाजारामागे दोघा-तिघांना विचारत. घर सापडलं. अंगण, अंगणात भिंतीला टेकवलेल्या काचांच्या चौकटी, आणि कोपऱ्यात ती व्हॅन, पुढून चेपून मग ठोकून सरळ केलेली. दार काचवाल्याच्या बायकोनं उघडलं. उंच बाई, उजवा हात मनगटापासून बांधलेला. तिनं त्याच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"तुम्हीच का ते मिस्त्री?"

त्यानं मान हलवली.

"हे घरी आले की तुमच्याच गोष्टी सांगायचे."

"काय?"

"की तुम्ही छान बोलता."

मिस्त्रीला खाली बघावं लागलं. तिनं त्याला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. आतून काचवाल्याच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मी माफी मागायला..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच अडकलं.

"माफीबिफी मला एवढ्यात जमायची नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज सकाळी उठते आणि आधी हा अंगठा हलवून बघते. माणूस हवं होतं तर दार वाजवायचं होतं. आम्ही काय हाकलून दिलं असतं? चार वेळा जेवायला बोलावलं असतं. असं माणसाला दावं बांधून ओढायचं नसतं हो."

"मला बोलता येत नाही."

"आत्ता बोललात की."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती उंबऱ्यातूनच व्हॅनकडे हात करून म्हणाली, "त्या घाटाकडच्या गॅरेजात पत्रा ठोकून घेतला. पट्टाही नवा टाकून दिला त्यांनी. पण तुमचं ते रबर तसंच आहे म्हणे, साफ करायला वेळ नाही त्यांच्याकडे. हे गाडीला हात लावत नाहीत. धंदा बंद आहे. करायचंच असेल काही तर ते करा."

तो गाडीखाली गेला. तिनं आतून पाट आणला आणि जवळ येऊन बसली, बांधलेला हात मांडीवर घेऊन. बघत राहिली. तो लाकडी काडी मारत होता, चिंधी भिजवत होता, आकडा फिरवत होता. दगड झालेलं रबर कणाकणानं सुटत होतं आणि त्याच्या छातीवर, गळ्यावर पडत होतं. ती खाच साफ झाली तरी तो थांबला नाही, सगळ्या पुल्या पुन्हा खोलल्या. ऊन अंगणाच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं.

पुल्या चढवायच्या आधी ती म्हणाली, "थांबा." खाली वाकून तिनं डाव्या हाताचं नख प्रत्येक खाचेतून फिरवलं, एकेक करून, सगळ्या पुल्यांच्या. आयुष्यभर काचेच्या कडा तपासलेलं नख होतं ते. मोठ्या पुलीला हात पोचेना तेव्हा ती सरळ जमिनीवर आडवी झाली. मग उठून साडीवरची माती झटकली.

"आता नीट आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

काचवाला बाहेर आला तेव्हा मिस्त्री हत्यारं पुसत होता. काचवाल्यानं गाडीत बसून इंजिन सुरू केलं. दोघांनीही कान दिला. आवाज एकसारखा होता. काचवाल्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पुलीकडे न बघता, मिस्त्रीकडेही न बघता म्हणाला, "अहो मिस्त्री, पिशवी तेवढी बाजूला घ्या. गाडी सावलीत लावायचीये."

'अहो' ऐकल्यावर मिस्त्रीला कळलं की आता निघायचं. शिवी दिली असती तर तो कदाचित थांबला असता. त्यानं पिशवी उचलली, फाटकापर्यंत गेला. वाटलं, मागून काहीतरी येईल, एखादा शब्द, निदान एखादी खोच. मागून फक्त काचा हलवल्याचा किणकिणाट येत होता.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. बराच रस्ता सरल्यावर मिस्त्री तिला म्हणाला, "टोपली खाली ठेवा, मी पाय आवरतो." म्हातारीनं टोपली खाली ठेवली. "देव भलं करो," असं म्हणून ती पेंगायला लागली. तो बाहेर बघत राहिला.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर असं झालं. काचवालीचा अंगठा काही महिन्यांनी वळू लागला, शेजारचं बोट मात्र कायमचं ताठ राहिलं. ती आता डाव्या हातानं कापते. लहान काचा कापते, मोठ्या बाहेरून कापून आणतात. हे मिस्त्रीला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आपण होऊन विचारलं त्यानं, "जुन्या बाजाराकडून आलात का?" असं. काचवाला पुन्हा त्याच्याकडे आला नाही. त्याची व्हॅन कधीमधी समोरच्या रस्त्यानं जाते. मिस्त्री मान वर करतो, पण हात करत नाही. आपल्याला तो हक्क नाही असं त्याला वाटतं.

ताई पुन्हा राहायला आली नाही. मात्र फोन आता एकदा ती करते, एकदा तो. तिची खुर्ची त्यानं परत दारात नेऊन ठेवली आहे आणि काम नसलं की तो स्वतःच तिच्यावर बसतो, अवघडून, परक्याच्या घरी बसल्यासारखा. लोक त्याला अजून घुम्याच म्हणतात. खोलीत चहा करून पिण्याऐवजी तो हल्ली दुपारचा कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. पहिले कितीतरी दिवस नुसता ग्लास हातात धरून उभा राहायचा आणि पिऊन परत यायचा. मग एका दुपारी बाकावर बसलेल्या एका पोस्टमनला तो म्हणाला, "आज ऊन फार आहे."

पोस्टमननं आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय का ते. मागे कुणी नव्हतं.

"हो ना," पोस्टमन म्हणाला आणि बाकावर थोडा सरकला.